जातिवंत

थरोब्रेडला मराठीत शब्द आहे, जातिवंत घोडा. घोड्याची जात विचारली की त्याचा भाव वाढतो. आमची विचारली की भाड्याची खोली मिळत नाही. तरीपण दरसाल जानेवारी उजाडला की मी या जातिवंतांच्या पाठी खुळा होतो. तेही आपल्याकडच्या नव्हे, पार अमेरिकेतल्या. दोस्त टोमणा मारतो, "च्यायला, सवताच्या आज्याच्या बापाचं नाव सांगता येत नाय, आन् केंटकीतल्या घोड्याच्या सात पिढ्या तोंडपाठ!"

खरं आहे. घोड्याच्या पिढ्या कुणीतरी लिहून ठेवल्यात. आमच्या कुणी लिहिल्या?

हा नाद बापाकडून आला. बाप मुंबईत एका शेठच्या घोड्यांचा मोतद्दार. पहाटे तीनला उठायचा. खरारा, चंदी, पाणी, लीद काढणं, खूर साफ करणं. आमच्या अंगावर कधी मायेनं हात फिरवलेला आठवत नाही, पण घोड्याच्या पायावरून असा हात फिरवायचा की जणू तापलेल्या लेकराचं कपाळ बघतोय. मला सांगायचा, "आधी पाय बघायचे. मंग डोळा. कागुद शेवटी." घोडा जिंकला की फोटो निघायचा. असा एक फोटो आमच्या घरात होता. त्यात घोडा, जॉकी, शेठ, शेठाणी, शेठाणीची टोपीसुद्धा. बापाचा नुसता लगाम धरलेला हात. मनगटापुढं फोटो संपला.

हा जातिवंतपणा येतो कुठून ते सांगतो. १७९१ साली इंग्लंडात घोड्यांच्या वंशावळीचं पुस्तक निघालं, जनरल स्टड बुक. आजचा जगातला कुठलाही थरोब्रेड घ्या, बापाकडून मागं मागं जा, तीनपैकी एका घोड्यापाशी पोचता : डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन, बायर्ली टर्क. तिघंही पूर्वेकडून आणलेले. आई-बाप दोघंही पुस्तकात असल्याशिवाय शिंगराला पुस्तकात जागा नाही. बेटीव्यवहाराचा इतका कडक नियम की मनूनं वाचला असता तर खूश झाला असता. कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा-घोडीची गाठ प्रत्यक्षच पडावी लागते.

मग आपल्यासारख्यानं यात काय बघावं? मी बघतो ती धाव. पुस्तक घोड्याला दारापर्यंत आणून सोडतं. लोखंडी फाटक उघडलं की पुढचे दहा फर्लांग पुस्तक काही करू शकत नाही.

वसंतातला हंगाम तीन वर्षांच्या घोड्यांचा. घोड्याला हा वसंत जन्मात एकदाच. पुढच्या साली तो चार वर्षांचा, डर्बीतून बाद. जानेवारीपासून चाचणीच्या शर्यती सुरू होतात. मार्च-एप्रिलात मोठ्या. फ्लोरिडा डर्बी, सँटा अनिता डर्बी, अ‍ॅक्वेडक्टला वुड मेमोरियल, कीनलँडला ब्लू ग्रास, शिवाय आर्कान्सॉ. त्यात गुण मिळवायचे, पहिल्या वीसात यायचं. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुइव्हिल गावात, चर्चिल डाउन्सवर केंटकी डर्बी. मग प्रीकनेस, मग बेलमाँट. तिन्ही मारणारे १८७५ पासून आजवर तेरा, शेवटचा २०१८ चा जस्टिफाय.

मी वही घालतो. कोण कुठं धावला, कितव्या वळणावर कुठं होता, शेवटच्या फर्लांगात दम राहिला का. डर्बी आपल्याकडे रविवारी पहाटे साडेचारच्या आसपास लागते. घर झोपलेलं. मी मोरीपाशी उभा राहून फोनवर बघतो, आवाज बंद करून. वीसच्या वीस घोडी एकदम सुटतात, दोन मिनिटांचा खेळ. बहुतेकांनी तेवढं लांब अंतर आधी कधी कापलेलंच नसतं. मागं राहिला त्याच्या तोंडावर पुढच्यांच्या टापांची माती. ती माती खाऊनसुद्धा जो पुढं घुसतो, तो खरा.

२०२२ ला रिच स्ट्राइक नावाचा घोडा वीसांत नव्हताच. वाट बघणाऱ्यांच्या यादीत. आदल्या दिवशी, अगदी शेवटच्या क्षणी एक घोडा गळाला आणि याला जागा मिळाली, तीही पार बाहेरची, विसावी. भाव ऐंशीला एक. ज्या खेळात शिंगरं लाखो डॉलरला जातात तिथं हा तीस हजारांत उचललेला. वर व्हेनेझुएलाचा जॉकी सनी लिऑन, ज्याचं नाव मोठ्या शर्यतीत कुणी घेत नव्हतं. शेवटच्या वळणापर्यंत हा कुणाच्या खिजगणतीत नाही. पुढं एपिसेंटर आणि झँडन यांची जुंपलेली. आणि आतल्या कठड्याला धरून, एका दमलेल्या घोड्याला वळसा घालून हा निघाला, जसा गर्दीच्या लोकलमधून पोर दारापर्यंत सरकतं तसा. मला वरडायला सुचंना. बायको उठून आली, तिला वाटलं कुणी गेलं.

पण उगाच भाबडेपणा नको. रिच स्ट्राइकही पुस्तकातलाच. शंभर टक्के जातिवंत, फक्त स्वस्त.

आता जॉकींकडे या. १८७५ च्या पहिल्या डर्बीत पंधरापैकी तेरा जॉकी काळे होते. जिंकणारा ऑलिव्हर लुईस काळा. त्याच्या घोड्याला, अ‍ॅरिस्टायडीसला, तयार करणारा अ‍ॅन्सेल विल्यमसन हा जन्मानं गुलाम. पहिल्या अठ्ठावीस डर्ब्यांतल्या पंधरा काळ्या जॉकींनी मारल्या. आयझॅक मर्फीनं एकट्यानं तीन, १८८४, १८९० आणि १८९१. मग काय झालं? कायदा झाला नाही. कुणी पाटी लावली नाही. खेळात पैसा वाढला तसे गोरे जॉकी एक झाले. शर्यतीतच काळ्याला कोंडायचं, कठड्यावर रेटायचं, चाबूक घोड्याऐवजी माणसावर. मालकांनी हळूच घोडे देणं बंद केलं. १९२१ नंतर २००० सालापर्यंत डर्बीत अमेरिकेचा एकही काळा जॉकी नाही. पाटी न लावता बाहेर काढायची ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

जिमी विंकफील्डनं १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन डर्ब्या मारल्या. मग रशियाला गेला, तिथं क्रांती झाली तेव्हा ओडेसाहून घोड्यांचा तांडा घेऊन पोलंडात पोचला, पुढं फ्रान्सात स्थिरावला. १९६१ ला म्हातारपणी लुइव्हिलच्या एका हॉटेलात डर्बीच्या मेजवानीला त्याला बोलावलं. पुढच्या दारानं आत सोडीनात. डर्बी दोनदा मारलेला माणूस!

मर्फीचं आणखी वेगळं. १८९६ ला मेला, लेक्सिंग्टनच्या काळ्यांच्या स्मशानात पुरला, कबर कुठली तेही लोक विसरले. पुढं शोधून काढली आणि १९६७ ला त्याची हाडं हलवून मॅन ओ' वॉर या थोर घोड्याशेजारी ठेवली. केवढा मान! बायको ल्युसी मात्र तिथंच राहिली, जुन्या स्मशानात.

डर्बीआधी लाखाची गर्दी उभी राहून 'माय ओल्ड केंटकी होम' गाते. स्टीफन फॉस्टरचं १८५३ चं गाणं, विकल्या गेलेल्या गुलामाचं. त्यात काळ्यांना हिणवणारा शब्द होता, तो सरकारी गाण्यातून काढायला १९८६ उजाडलं. महागड्या टोप्यांखालचे डोळे पाणावतात. तेवढं मी बघत नाही. मोरीत चूळ भरून घेतो.

१९७३ चा सेक्रेटॅरिएट तुम्ही ऐकला असेल. डर्बी एक मिनिट एकोणसाठ सेकंद आणि वर दोन पंचमांश. बेलमाँट तर एकतीस घोड्यांच्या अंतरानं. दोन्ही विक्रम अजून उभे. त्याचा मोतद्दार एडी स्वेट, साउथ कॅरोलिनाचा काळा माणूस. स्वेट म्हणजे घाम, आडनावच तसं. केंटकीच्या हॉर्स पार्कात सेक्रेटॅरिएटचा ब्राँझचा पुतळा आहे. वर जॉकी रॉन टर्कॉट. आणि लगाम धरून चालणारा एडी स्वेट, आख्खा, टोपीपासून बुटापर्यंत. २०२५ च्या डर्बीत धावलेला प्रत्येक घोडा कुठून ना कुठून सेक्रेटॅरिएटच्या वंशातला होता, हे पुस्तकावरून सांगता येतं.

मला डर्बीतलं सगळ्यात आवडतं ते शर्यतीच्या आधीचं. मागच्या तबेल्यांपासून गर्दीच्या कडेनं घोडे पायी चालत आणतात. लगामाला मोतद्दार. आता बरेचसे मेक्सिको, ग्वाटेमालाकडचे. निवेदक मालकाचं सांगतो, ट्रेनरचं सांगतो, घोड्याच्या आजीचंसुद्धा सांगतो. माझ्या वहीत मोतद्दाराचा एक रकाना आहे. बहुतेक सालं तो कोराच.

२०२२ च्या पानावर मात्र लिहिलंय, रिच स्ट्राइक, मोतद्दार जेरी डिक्सन ज्युनियर. काळा पोरगा. चौथी पिढी घोड्यांत.