गंज खरा, ट्रे खोटा

कोकाकोला अटलांटाची, पण तिच्या जुन्या ट्रेंचा नाद लागलेल्या माणसाचं तीर्थक्षेत्र म्हणजे ओहायोतलं कोशॉक्टन. पत्र्यावर रंगीत छपाई करणारे कारखाने या लहानशा गावात होते. त्यातला 'अमेरिकन आर्ट वर्क्स' सर्वांत नावाजलेला. कोलंबसला राहत असल्यामुळे आसपासचे जुने बाजार मी पालथे घालत असतो. खिशात भिंग आणि मोजपट्टी. 1910च्या सुमारापासून नेहमीचा आयताकृती ट्रे साडेदहा बाय सव्वातेरा इंचांचा, त्यामुळे काही नकला मोजपट्टीलाच सापडतात.

सगळ्यात जास्त नकला बहुधा 1934च्या ट्रेच्या. टारझनचं काम करणारा जॉनी वाइसमुलर आणि त्याची जेन, मॉरीन ओ'सलिव्हन, पोहण्याच्या पोशाखात, हातात बाटल्या. मागे एका बाजारात हाच ट्रे दिसला. विक्रेते आजोबा म्हणाले, "तळघरातला माल आहे. गंज बघा, असा मुद्दाम आणता येतो का?"

गंज खरा होता, यात वादच नव्हता. पण 1970च्या दशकात निघालेल्या नकलांनासुद्धा आता पन्नास वर्षं होत आली. त्याही तळघरात पडल्या, ओल खाल्ली, ओरखडे सोसले. म्हणून मी गंजाची साक्ष काढत नाही. आधी कड बघतो. अस्सल ट्रेच्या खालच्या कडेवर कारखान्याचं नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि भिंगाखाली ते स्वच्छ वाचता येतं. अस्सल ट्रेचा फोटो काढून नक्कल छापली की पहिला बळी याच ओळीचा. शिवाय मोठी अक्षरं एकसंध रंगाची असायला हवीत. नकलेत तीसुद्धा चार रंगांच्या ठिपक्यांची, रांगोळीसारखी.

नकलेवर माझा राग नाही. कंपनीने स्वतः जुनी चित्रं पुन्हा छापली. हॅमिल्टन किंगने रंगवलेल्या मुलीचा तसा एक ट्रे आमच्याकडे रोजच्या चहाला आहे. अशा ट्रेच्या मागे छापलेला पुनर्मुद्रणाचा मजकूर खरवडून शंभर वर्षं जुन्या ट्रेचा भाव सांगणारे मात्र डोक्यात जातात. त्याहून धीट म्हणजे पूर्वी कधी नव्हतेच असे ट्रे. झालरीची टोपी घातलेली 1910ची बाई आणि खाली ठळक 'कोक'! त्या काळी हे लाडकं नाव कंपनीला नकोसंच होतं. नोंदणी झाली 1945 साली.

आजोबांना भिंग दिलं. त्यांनी ठिपके पाहिले, कड पाहिली, बराच वेळ काही बोलले नाहीत. किंमत एका डॉलरनेही उतरवली नाही. उलट भिंग घेऊन टेबलावरचा बाकीचा माल तपासायला लागले. ते परत मागून घ्यावं लागलं.