यूजर दोन, ट्रेनिंग एकीला

स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात नवऱ्याची जागा ठरलेली असते. बाहेरचं बाकडं! हातात मोबाईल, मांडीवर बायकोची पर्स आणि समोर गुटगुटीत बाळाचं पोस्टर. एवढ्यात मूल नको म्हणून सल्ला घ्यायला आम्ही दोघं गेलो, तर मलाही "सर, तुम्ही बाहेर बसा" असंच सांगण्यात आलं. बायको आत गेली आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आली. निर्णय दोघांचा, माहिती एकीलाच. आमच्या धंद्यात असं केलं, तर प्रॉडक्शनमध्ये बोंबाबोंब ठरलेली.

इथेही होतेच की. तांबी बसवल्यावर सुरुवातीचे काही महिने पाळी जास्त जाऊ शकते. हे नवऱ्याला कुणी सांगितलंच नसेल, तर पहिल्याच महिन्यात तो म्हणणार, "काढून टाक ती!"

आता जरा आकडे बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी करून घेतली होती. नवऱ्याने केलेली? ०.३ टक्के! खरं तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया जास्त सोपी. पोटाला हातही लावावा लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी. याचं थोडं खापर आणीबाणीवर फोडता येईल. १९७६-७७ मध्ये लाखो पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, कित्येकांच्या सक्तीने, आणि त्या शब्दाची धास्तीच बसली. पण त्याला आता किती वर्षं झाली? त्याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोध हे बायकांचं काम आहे, असं म्हटलंय. बाहेर बसवलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

आत बोलावलं तर फरक पडतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 'चार्म' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. गावातले पुरुष डॉक्टर आधी नवऱ्यांशी बोलले, मग जोडप्याशी एकत्र. नुसत्या साधनांवर नाही, तर मुलगाच हवा हा हट्ट आणि बायकोवर हात उगारणं यावरही. दीड वर्षाने या जोडप्यांमध्ये आधुनिक साधनांचा वापर इतरांपेक्षा जास्त आढळला.

पण थांबा. आत बोलावणं म्हणजे नवऱ्याच्या हातात व्हेटो देणं नव्हे. घरात धाक असेल तर बाई त्याच्यासमोर तोंड उघडणार नाही. म्हणून आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं, आणि तिची हरकत नसेल तरच त्याला हाक मारायची. नसबंदीसाठीसुद्धा आपल्याकडे जोडीदाराची संमती लागत नाही, आणि ते योग्यच आहे. नवऱ्याला सही नकोय, त्याला कामातला वाटा हवाय. गोळी राहिली तर काय करायचं हे त्यालाही माहीत हवं. पुरुष नसबंदीनंतर साधारण तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करायची असते, हे तर त्यालाच कळायला हवं ना?

तर मित्रांनो, पुढच्या वेळी बाकड्यावर टेकण्याआधी बायकोला विचारा, "मी आत येऊ का?" ती नको म्हणाली तर निमूट बाहेर बसा. हो म्हणाली तर मोबाईल खिशात ठेवा आणि नीट ऐका.