पत्र्यांवरचे दगड

मराठवाड्यातला पाऊस बहुधा न येण्यासाठीच प्रसिद्ध आहे. आणि येतो तेव्हाही पुष्कळदा चुकीच्या वेळी येतो. 2023 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरचा सण नुकताच आटोपलेला असताना, अवकाळी पावसाने आणि वादळी वाऱ्याने या भागात धुमाकूळ घातला. शेंद्राही त्यातून सुटले नाही. जालना रस्त्यालगतच्या या गावात एका अंगाला औद्योगिक वसाहतीतील रुंद रस्ते आणि कारखान्यांच्या भक्कम शेड्स आहेत, तर दुसऱ्या अंगाला त्याच कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांची विटांची, पत्र्यांची घरे.

अशाच एका घराची ही हकीकत. त्यात माझी चूक मोठी असल्यामुळे ती मीच सांगितलेली बरी.

घर एका विधवा मातेचे व तिच्या दोन मुलांचे. पुढची खोली स्लॅबची, मागच्या दोन खोल्यांवर पत्रे. मी पोहोचलो तेव्हा वारा थांबला होता. मधल्या खोलीचे पत्रे हुकांसकट उपटून शेजारच्या वावरात पडले होते. स्वयंपाकघराचे पत्रे मात्र बोल्टने कसलेले नव्हतेच. आपल्याकडे सर्रास करतात तसे त्यांवर दगड ठेवले होते. त्यातला पायलीएवढा एक दगड नेमका खाटेवर कोसळला होता. खाटेवर त्या वेळी कोणी नव्हते, एवढीच देवाची कृपा. गव्हाची कोठी पाण्याने भरली होती आणि ती माउली एका परातीने पाणी उपसत होती.

ते दृश्य पाहून मला राहवले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्याबरोबर तरुण मंडळाची दहा-बारा पोरे घेऊन मी तेथे गेलो. दुपारपर्यंत चिखल काढला, भिंती धुतल्या, भिजलेला गहू टाकून दिला. वाकलेले पत्रे भंगारवाल्याला देण्याची कल्पनाही माझीच. त्या पैशांत मिस्त्रीची मजुरी भागली. संध्याकाळी नवे पत्रे चढले. त्या रात्री मी मोठ्या समाधानाने झोपलो, हे येथे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी थोरला मुलगा कर्जाची फाइल घेऊन आला. हे घर 2021 साली गृहकर्जावर बांधलेले. फाइलमध्ये घराच्या विम्याची पॉलिसी होती. हप्ता कर्जाच्या रकमेतूनच कापला गेला होता, पण आपण विमा उतरवला आहे याचा घरात कोणालाच पत्ता नव्हता. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी लागू केली. ही तीच होती. आगीबरोबर वीज, वादळ आणि पूर यांनी झालेले नुकसानही तिच्यात धरलेले आहे. मी वर्षानुवर्षे कित्येक नव्या घरांना आशीर्वाद दिले, पण ‘कर्जाच्या फाइलीत आणखी काय आहे?’ असे कोणालाही कधी विचारले नाही.

कंपनीला कळवले. सर्व्हेअर आले, मध्यमवयीन आणि सौजन्यशील गृहस्थ. नव्याकोऱ्या पत्र्यांकडे पाहत ते म्हणाले, “फादर, मी पाहू काय?” नंतर त्यांनीच समजावले, “ताडपत्री टाकायला कोणाची मनाई नव्हती. पण आधी फोटो काढायचे, आणि मोडके पत्रे घरामागे रचून ठेवायचे.” माझ्या दयाबुद्धीने पुरावाच भंगारात घातला होता!

त्याच रात्री मुलगा पुन्हा आला. दरवाजात उभा राहूनच म्हणाला, “फादर, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही खोल्यांचे पत्रे बोल्टचे होते, एवढंच लेटरहेडवर लिहून द्या. तुमच्या सहीवर कोणी शंका घेणार नाही.”

शंका घेणार नाही, हेच तर कठीण होते. त्याच्या घरचा पुरावा मीच घालवला होता. आता भरपाई म्हणून तो माझ्याकडे एकच वाक्य मागत होता. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा मी मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सहज शिकवतो. त्या रात्री लेखणी हाती घेऊन बराच वेळ बसून राहिलो. शेवटी जे पाहिले ते लिहिले: मधल्या खोलीला हुक, स्वयंपाकघरावर दगड. शिवाय, साफसफाई माझ्या सांगण्यावरून झाली, हेही लिहिले. मुलाने पत्र वाचले, घडी केली आणि न बोलता निघून गेला. पुढे पाच रविवार तो मिस्सेला दिसला नाही.

पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडला. त्या संध्याकाळी त्याच्या धाकट्या बहिणीने पुण्याच्या मावशीला पाठवण्यासाठी मोबाइलवर फोटो काढले होते. तलाठ्यांचा पंचनामा आणि पत्र्यांच्या दुकानाचे बिल त्यांना जोडले. मधल्या खोलीचा दावा मंजूर झाला. स्वयंपाकघराचा फेटाळला गेला. कारण काय, तर ‘योग्य काळजी घेतली नाही’. आणि आधार माझ्याच पत्राचा!

शेजाऱ्यांची स्थिती याहून बिकट. त्यांचा विमाच नव्हता. शासकीय मदत नुकसानाच्या बिलाप्रमाणे मिळत नाही, ठरलेल्या दराने मिळते. त्या वेळच्या निकषानुसार पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000. एवढ्यात एका खोलीचे पत्रेही येत नाहीत.

स्वयंपाकघराचा प्रश्न मात्र मी सोडला नाही. पॉलिसी तीनदा वाचली. पत्रे बोल्टनेच बसवलेले असावेत, अशी अट तिच्यात कोठेही नव्हती. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मातेच्या सहीने अर्ज पाठवला. महिनाभर उत्तर आले नाही, तेव्हा पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. तेथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तर न देता महिना उलटल्यापासून, वर्षाच्या आत जावे लागते, इतकेच. सुनावणीपूर्वीच कंपनीने तडजोड केली आणि स्वयंपाकघराची बहुतेक रक्कम मिळाली. गव्हाचे पैसे आले नाहीत. तो टाकून दिल्याला साक्षी मी होतो, पण किती होता हे मलाही सांगता येईना.

त्या पैशांतून मुलाने स्वयंपाकघराच्या पत्र्यांना बोल्ट मारले. उतरवलेले दगड आता अंगणात पाण्याच्या टाकीखाली आहेत. काम झाल्यावर तो मिशन हाउसवर आला, प्रत्येक खोलीचे फोटो मोबाइलवर दाखवले आणि सहज विचारले, “फादर, चर्चच्या इमारतीची पॉलिसी कुठे असते?”

कपाटे धुंडाळण्यात माझे तीन दिवस गेले. पॉलिसी सापडली. तिची मुदत आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये संपली होती.