टेबलावरचे क्ष-किरण

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचं शहर आहे. आपलं कळसूबाई जेवढं उंच, साधारण तेवढ्या उंचीवर हे शहरच्या शहर वसलंय! शेजारी तिरके, सपाट कडे उभे आहेत. त्यांचं नाव फ्लॅटआयर्न्स, म्हणजे चक्क इस्त्र्या! प्रवासी ते बघायला जातात. आपण मात्र विद्यापीठातल्या 'जिला' या संस्थेत शिरू या. (नाव ऐकून जिल्हा आठवतो, पण त्याच्याशी काही संबंध नाही बरं का!)

इथे मार्गारेट मर्नेन आणि हेन्री कॅप्टेन या शास्त्रज्ञ जोडप्यानं क्ष-किरण चक्क टेबलावर आणले. एरवी त्यासाठी केवढालं यंत्र लागतं! इंदूरच्या इंडस-2 यंत्राचं कडंच 172 मीटर घेराचं. इथे टेबलावर आरशांची गर्दी. लेसरचा क्षणभराचा झोत वायू भरलेल्या बारीक नळीत सोडतात. अणूंमधले इलेक्ट्रॉन उपटले जातात, हिसक्यासरशी परत येऊन आदळतात आणि सौम्य क्ष-किरण बाहेर पडतात. हवा ते गिळून टाकते, म्हणून पुढचा प्रवास निर्वात नळ्यांतून.

एवढा खटाटोप कशासाठी? चुंबकासाठी! 1996 साली फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या शास्त्रज्ञांनी निकेलवर लेसर मारला. त्याचं चुंबकत्व बघता बघता, छे, बघायच्या आतच ओसरलं. इतक्या झटपट कसं? कोडंच पडलं.

बोल्डरला लोखंड आणि निकेल यांचा मिश्रधातू घेतला. लेसरच्या झोताचे दोन भाग केले. एकानं चुंबकाला फटका द्यायचा, दुसऱ्यापासून झालेल्या क्ष-किरणांनी त्याला टिपायचं. आरसा किंचित मागे सरकवला की प्रकाशाला जास्त चालावं लागतं, फोटो तेवढा उशिरा निघतो. गंमत म्हणजे लोखंड आणि निकेल क्ष-किरणांत वेगवेगळे ओळखू येतात.

दोन्ही धातू एकमेकांत पक्के मिसळलेले, तेव्हा चुंबकत्व एकदमच गमावणार, असं कुणालाही वाटेल. पण 2012 साली निकाल छापून आला: आधी लोखंड, मग निकेल! मध्ये सुमारे 18 फेमटोसेकंद. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी. तो एक फेमटोसेकंद. अठरा फेमटोसेकंदांत प्रकाशसुद्धा केसाची जाडी ओलांडत नाही!

मग त्यांनी मिश्रधातूत थोडं तांबं घातलं. लोखंड-निकेलनं धरलेले हात सैल पडले, आणि निकेल आणखीनच मागे रेंगाळलं.