जोडीची लेखणी

माणसाची पारख त्याच्या पायांतील जोड्यावरून करावी असें कित्येकांचें मत आहे. आम्ही मात्र नवा माणूस भेटला कीं प्रथम त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहतों. यांत हेरगिरी नाहीं, निव्वळ आपुलकी आहे. खिशाच्या कडेवर एखादी सोनेरी पट्टी चमकली कीं 'हा आपल्यांतला' असें मनांत येतें, आणि कांहीं तरी निमित्त काढून ती लेखणी हातांत घेऊन पाहिल्याखेरीज आमच्यानें राहवत नाहीं. अलीकडे असे योग दुर्मिळ झाले आहेत. बहुतेकांच्या खिशांत बोलतें यंत्र असतें. लेखणी असलीच तर ती अशी कीं, हरवली असतां तिची आठवणहि कोणास होऊं नये.

आमच्या वडिलांच्या पिढींत सुशिक्षित माणसाच्या खिशावर एक नव्हे, दोन पट्ट्या दिसत. एक फाउंटनपेनची आणि दुसरी त्याच रंगाच्या, त्याच घडणीच्या शिसपेनची. या जोडीला 'सेट' म्हणत, आणि लग्नांत जांवयाला घड्याळ व पेनचा सेट देणें हें सधन सासऱ्याचें लक्षण समजलें जाई. आमचे मातामह फारसे सधन नव्हते; पण १९५८ सालीं, जांवई वकील आहे, त्याच्या हातांत चांगली लेखणी पाहिजे, या हट्टानें त्यांनीं मुंबईहून एक सेट मागविला. वडिलांनीं जालन्याच्या कोर्टांत तो पुढें जवळजवळ चाळीस वर्षें वापरला.

ही लेखणी म्हणजे पार्कर कंपनीची 'एक्कावन्न'. नांवांत गूढ कांहीं नाहीं. १८८८ सालीं निघालेल्या त्या कंपनीला एक्कावन्न वर्षें होत असतां ती तयार झाली म्हणून एक्कावन्न. बाजारांत आली ती १९४१ सालीं. तिची निब सोन्याची, पण दिसावयाची नाहीं. कांसवानें मान आंत घेऊन नाक तेवढें बाहेर ठेवावें तसें तिचें टोंक तेवढें बाहेर. या लाजण्यास कारण आहे. कागदावर पडतांच सुकावी अशी शाई कंपनीनें काढली होती. ती उघड्या निबेवरहि सुकून बसावयाची, म्हणून निबेला हा पडदा. शिवाय ती शाई इतकी जहाल कीं, तेव्हांच्या लेखण्या ज्या सेल्युलॉइडच्या होत त्यालाच ती खाऊं लागे. म्हणून नळीहि ल्यूसाइट नांवाच्या नव्या द्रव्याची करावी लागली. घोडा घेतला म्हणून तबेला बांधावा, तसें शाईसाठीं हें सारें घर उभें राहिलें. गंमत अशी कीं ती शाई केव्हांच बाजारांतून गेली. लेखणी मात्र साध्या निळ्या शाईवर आजहि सुखानें चालते.

लेखणीवेड्यांचे दोन पंथ आहेत. एक जपणाऱ्यांचा, दुसरा लिहिणाऱ्यांचा. छत्रपती संभाजीनगरांतले आमचे एक स्नेही, निवृत्त अभियंते, पहिल्या पंथाचे आचार्य आहेत. त्यांच्या कपाटांत चाळीसेक लेखण्या कापसांत निजलेल्या असून प्रत्येकीच्या गळ्यांत जन्मसालाची चिठ्ठी आहे. त्यांतली एकीलाहि त्यांनीं शाईचा स्पर्श होऊं दिलेला नाहीं. आमचा पंथ दुसरा. तारा उतरवून भिंतीवर टांगलेल्या वीणेला आम्ही वीणा म्हणत नाहीं. परंतु वादाचा मुद्दा आला कीं हे गृहस्थ आमच्या मर्मावर नेमकें बोट ठेवतात. "प्रोफेसर, तुमची लेखणी उत्तम आहे, पण जोड फुटलेली आहे. जोड फुटली कीं किंमत अर्धीसुद्धां राहत नाहीं."

जोड फुटली हें खरें. ती कशी फुटली तें पुढें सांगतों. त्याआधीं आमच्या पंथाची बाजू घेऊन एवढें सांगितलेंच पाहिजे कीं, फाउंटनपेन गळतें म्हणून जी ओरड ऐकूं येते तींत पेनपेक्षां मालकाचा दोष अधिक असतो. पेन अर्धें रिकामें असलें म्हणजे रिकाम्या अर्ध्यांत हवा असते. खिशांतल्या उबेनें ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मराठवाड्याच्या वैशाखांत तर ती फुगणारच. पेन भरून ठेवावें, टोंक वर करून ठेवावें, आणि दोन महिन्यांनीं एकदां कोंबट पाण्यानें धुवावें. यापलीकडे त्याला कांहीं नको असतें. घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाला लागते तितकीच ही शुश्रूषा आहे.

वडील वारले तेव्हां वाटणीला फारसें कांहीं नव्हतें. घनसावंगी तालुक्यांतली थोडी जमीन दादांकडे गेली, कारण ते ती कसतच होते. पुस्तकें आमच्याकडे आलीं, कारण तीं दुसऱ्या कोणाला नको होतीं. राहिला तो सेट. दादा आमच्याहून नऊ वर्षांनीं मोठे. त्यांनीं टेबलाचा खण उघडला, लेखणी आमच्या हातांत दिली आणि शिसपेन आपल्या खिशाला लावली. "तूं लिहितोस तें ठेवायचं असतं, माझा हिशेब रोज खोडावा लागतो. तुला शाई, मला शिसं." रिकामी पेटी वहिनींनीं घेतली, तींत त्यांच्या कुड्या आहेत. ही वाटणी आम्हांला त्या वेळीं न्याय्य वाटली आणि आजहि वाटते. पण आमच्या अभियंता मित्रांना हें सांगून पटत नाहीं.

दादांचें शेत जांब समर्थच्या शिवेजवळ आहे, त्यामुळें रामनवमीला आमचें तेथें जाणें होतें. शके १५३० मध्यें, म्हणजे १६०८ सालीं, याच तिथीला या गांवीं सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं समर्थांचा जन्म झाला. उत्सवाची गर्दी, उन्हाची तलखी, सुंठवडा, हें सारें सर्वत्र असतें तसेंच. आम्हांला मात्र त्या अंगणांत उभें राहिलें कीं हटकून आठवतो तो दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास. भाविकांच्या वाचनांत तो पटकन् मागें पडतो, कारण त्यांत ब्रह्म नाहीं, माया नाहीं. आहे तें केवळ लिहावें कसें आणि लिहिण्याचें साहित्य कसें जमवावें हें. आम्हांला विचाराल तर लेखणीवेड्यांचा तो धर्मग्रंथ आहे.

त्या समासांतला लेखनसंच पाहावा. देशोदेशींचे बोरू आणावे, तेहि बारीक, सरळ आणि घट्ट. टांक तोडण्याचे प्रकार अनेक, रेघा आंखण्याचे अनेक. कागद घट्ट निवडून त्याला खळ द्यावी. सुऱ्या, कातऱ्या, घोटण्याचें साधन हाताशीं असावें. हिंगूळ आणि आळिता संग्रहीं असावा. शाईचा साठा वाळवून ठेवावा. पोथीला बासनें, मेणकापड, पेट्या आणि कुलुपेंसुद्धां! ज्यानें लहान वयांत घर सोडलें, ज्याच्या झोळींत उद्यांची भाकर नसे, तो पुरुष लेखनसाहित्याच्या बाबतींत इतका संसारी आहे हें पाहून आम्हांला फार धीर येतो. आमचे अभियंता मित्र तर या यादीपुढें विरक्तच ठरतील.

आणि ही केवळ हौस नव्हती. वाल्मीकिरामायणाची एक पोथी समर्थांच्या हस्ताक्षरांतली म्हणून धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत जतन केलेली आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं आयुष्य वेंचून जमविलेल्या बाडांतलें तें मोठें धन. समासांतली अपेक्षा अशी कीं, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळें एकाच टांकानें लिहिलें असें वाटावें. वस्तुतः बोरू झिजतो, पुन्हां तोडावा लागतो, शाई दर घोटाला थोडी निराळी होते. म्हणजे हें एकसारखेपण साधनांत नसून लिहिणाराच्या हातांत असलें पाहिजे. आमच्या लेखणीचें टोंक कठीण धातूचें, पन्नास वर्षांत न झिजणारें. तरीहि आमच्या एका पानावरचें पहिलें अक्षर आणि शेवटचें अक्षर यांची ओळख पटत नाहीं.

येथें पार्करच्या विरुद्ध एक गोष्ट बोलणें भाग आहे. तिचें टोंक गोल आहे. रोमन लिपीच्या धांवत्या हाताला तें सोयीचें, मोडीलाहि कदाचित् चाललें असतें. पण बाळबोधाचें सौंदर्य जाडबारीक रेघेंत आहे, आणि ती रेघ तिरप्या कापलेल्या बोरूलाच साधते. गोल टोंकाची लेखणी देवनागरी लिहिते खरी, पण परक्या गांवीं शिकलेल्या मुलानें मातृभाषा बोलावी तशी: शुद्ध आणि सपाट. शाईपुरतें मात्र स्वदेशीचें नशीब चांगलें निघालें. १९३१ सालीं मुंबईंत दांडेकर बंधूंनीं 'हॉर्स' छापाच्या शाईच्या पुडीवर आरंभ केला, आणि पुढें त्यांच्या 'कॅमल इंक'नें आमच्यासारख्या हजारों मुलांचीं बोटें आणि सदरे निळे केले. कॅम्लिन हें नांव त्या उंटाच्या शाईवरूनच आलेलें आहे.

समासांतली आणखी दोन वचनें आम्हांला अलीकडे वारंवार आठवतात. एक असें कीं, तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं कामास येत नाहीं. अक्षर मध्यम असावें. आमच्या वडिलांच्या रोजनिशा बारीक निबेनें, पोस्टकार्डावर मजकूर कोंबण्याच्या संवयीनें लिहिलेल्या आहेत. पंचावन्नी उलटल्यावर आम्ही त्या भिंग घेऊन वाचतों, दिवसाला दोन पानें.

दुसरें वचन पानावर शिशानें रेघा आंखून घेण्याविषयींचें. तें आठवलें तें दादांमुळें. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. प्रथम चहाच्या बशीनें तें सांगितलें, मग सहीनें. बँकेंतली सही जुळेना तेव्हां त्यांनीं अंगठा दिला, बी. ए. झालेल्या, गांवाचे अर्ज तीस वर्षें लिहून दिलेल्या माणसानें. त्या रामनवमीला मंदिराच्या ओट्यावर बसले असतां त्यांनीं खिशांतून शिसपेन काढली आणि आमच्यापुढें धरली.

"घे. तुझी जोड पुरी होईल."

"दादा, असूं द्या तुमच्याजवळ."

"मला आतां काय करायची? अक्षर उमटत नाहीं, नुसते ढग निघतात."

आम्हीं त्यांना तो समास सांगितला. म्हटलें, समर्थांच्या संचांत लेखणीच्या आधीं शिसें आहे. दादा हंसले. "तें खरं शिसं होतं. यांत शिसं कुठं आहे?" त्यांचें म्हणणें बरोबर होतें. सोळाव्या शतकांत इंग्लंडांतल्या बॉरोडेल येथें सांपडलेल्या काळ्या दगडाला लोक शिशाचा प्रकार समजले; तो कोळशाच्या कुळांतला आहे हें शीले या रसायनज्ञानें १७७९ सालीं दाखवून दिलें, पण तोंवर नांव रुळलें होतें. आपण मराठींत अजून शिसपेनच म्हणतों. शेतीचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या बंधूंना हें ठाऊक असेल असें आम्हांला वाटलें नव्हतें. "अप्पांनींच सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि शिसपेन परत खिशाला लावली.

पुढच्या महिन्यांत टपालानें एक जाड पाकीट आलें. त्यांत पंचवीस कोरे कागद होते, प्रत्येकावर शिसपेननें आंखलेल्या बारीक रेघा, डाव्या हाताला समास सोडलेला. चिठ्ठी वहिनींच्या अक्षरांत होती. हात अक्षराला साथ देत नाहीं, पण लांकडी पट्टीला टेंकवून ओढला तर सरळ चालतो, असें त्यांना नातवाची चित्रकलेची वही आंखतांना कळलें. आणि आमचीं पत्रें अलीकडे उजवीकडे चढत जातात, चष्मा बदलल्यापासून, ही तक्रार तर दादांची जुनीच. तेव्हांपासून आमचें दादांना जाणारें प्रत्येक पत्र त्यांच्याच रेघांवर जातें. रेघा पार्करच्या शिसपेनच्या, अक्षरें पार्करच्या लेखणीचीं. अभियंता मित्रांना हा कागद दाखविला तेव्हां त्यांनीं तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि किंमतीविषयीं कांहीं काढलें नाहीं.

परवां आलेल्या पाकिटांत सतराच कागद निघाले. शेवटच्यावर रेघा अर्ध्यावर थांबल्या आहेत, खालीं पान कोरें आहे. शिसें संपलें कीं हात दमला हें आम्हीं पत्रांत विचारलेलें नाहीं. जुन्या मापाच्या शिशाची एक डबी मिळवून काल टपालांत टाकली आहे.