नॉटपेड

दिवाळीत शेजारून फराळाचे ताट आले की आमच्या घरातला प्रश्न ठरलेला. ताटावरचा रुमाल उचलायच्या आधीच पत्नी विचारते, "अहो, हे परत करताना यात काय घालायचे?" पूर्वी मला या प्रश्नाची गंमत वाटे. 2016 च्या दिवाळीपासून वाटत नाही.

त्या वेळी मी एका बँकेच्या संगणक विभागात होतो. शाखेतल्या संगणकाचा निरोप मुख्य कचेरीतल्या संगणकाला पोहोचवणे हे माझे काम. ते करणाऱ्या सॉफ्टवेअरला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. मी त्याला टपालखाते म्हणतो. पलीकडचा संगणक बंद असला तरी निरोप रांगेत जपून ठेवायचा, तो सुरू झाला की द्यायचा, आणि एकदाच द्यायचा. पैशांचा निरोप दोनदा पोहोचला तर काय अनर्थ होईल, हे सांगायला नको! आमच्याकडे आयबीएमचे एमक्यू होते. 1993 साली ते एमक्यूसिरीज या नावाने बाजारात आले.

टपालात दर पत्राला तिकीट लागते. इथला हिशेब निराळाच. गिरणीवाल्याने दळण न मोजता गिरणीच्या मोटरची ताकद पाहून पैसे मागावेत, तशातला प्रकार! त्या वेळच्या परवान्यात दोन सॉकेटच्या साध्या इंटेल झिऑन सर्व्हरच्या एका कोअरची 70 एकके धरत. सोळा कोअरची झाली 1,120. त्यातले चारच कोअर या कामाला नेमून दिले असतील, तर 280 वर भागे. मात्र त्यासाठी मोजणीचे ठरावीक साधन बसवून दर तिमाहीला अहवाल काढावा लागे आणि तो दोन वर्षे जपावा लागे. साधन नाही, तर सवलत नाही. निरोप टाकणाऱ्या शाखांतल्या 'क्लायंट'ला मात्र काही पडत नसे. टपालपेटीत पत्र टाकायचे का कोणी वेगळे पैसे घेतो?

हे गणित मी चोख ठेवी. फसलो ते भलतीकडेच. 2014 च्या अखेरीस नवी आवृत्ती बसवताना घटकांची यादी समोर आली. फाईली पाठवण्याचा घटकही त्याच संचात होता. पंगतीत आग्रह झाला की नाही म्हणवत नाही, तसे मी सगळ्यांपुढे खूण करून टाकली. त्या घटकाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, हे दोन वर्षांनी, धनत्रयोदशीला चार दिवस उरले असताना करारपत्र नीट वाचले तेव्हा कळले. तोवर रोज रात्री शाखांच्या फाईली त्याच वाटेने जात होत्या.

माझा तरुण सहकारी हळूच म्हणाला, "सर, आज रात्री काढून टाकू या. कोणाला कळणार आहे?"

त्या रात्री झोप लागली नाही. माझे वडील खेड्यातले पोस्टमास्तर. तिकीट न लावलेले 'नॉटपेड' पत्र आले, की घेणाऱ्याकडून तुटीच्या दुप्पट पैसे वसूल होत. एकदा एका म्हातारीपाशी ते नव्हते. मी म्हणालो, "दादा, असेच देऊन टाका ना! कोण बघतंय?" दादा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या खिशातले पैसे मोजून पेटीत टाकले, वहीत आकडा मांडला आणि पत्र तिच्या हाती दिले.

सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "साहेब, दोन वर्षे आपली पत्रे नॉटपेड जात आहेत. तिकीट लावायचे माझ्या हातून राहिले."

साहेब बराच वेळ गप्प होते. पुढे परवाना रीतसर घेतला गेला, मागची रक्कमही भरली गेली. त्या वर्षीची माझी बढती मात्र गेली. घरी सांगितले तेव्हा पत्नी चकल्या पाडीत होती. तिचा हात क्षणभर थांबला. "बरे झाले सांगितलेत," एवढेच ती म्हणाली आणि सोऱ्या पुन्हा फिरू लागला.

आता मी निवृत्त आहे. तरुण मंडळी म्हणतात, "काका, हल्ली हे सगळे फुकट मिळते." खरे आहे. ॲक्टिव्हएमक्यू घ्या, रॅबिटएमक्यू घ्या, दमडी पडत नाही. पण परवाना तिथेही असतोच. रॅबिटएमक्यूचा मोझिला परवाना सांगतो, की आमच्या फाईलींत बदल करून त्या दुसऱ्याला दिल्यात, तर ते बदलही खुले करा.

म्हणजे काय? ताट रिकामे परत करू नका!