धनजच्या ओसरीवर राजी

मूर्तिजापूरला उतरलो तेव्हा नवरात्र सुरू होतं. एकेकाळी इथूनच नॅरोगेजची शकुंतला कारंज्यावरून यवतमाळला जायची. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ही गाडी ओढत होतं. आता ती गाडीही नाही, म्हणून एसटी धरली. खिडकीतून दोन्ही बाजूंना सोयाबीन दिसत होतं. काही वावरांत सोंगणी उरकून ताडपत्रीखाली सुड्या लागल्या होत्या, काही ठिकाणी ते अजून पिवळं होऊन उभंच होतं. मधूनमधून कपाशी आणि तुरीच्या ओळी.

कारंज्यात धनजच्या, म्हणजे मामांच्या गावच्या, गाडीला वेळ होता. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, त्यामुळे गुरुमंदिरात दर्शन घेतलं आणि तसाच चालत दिल्ली वेशीकडे गेलो. या गावाच्या वेशींना ज्या दिशेला वाट जाते तिकडची नावं आहेत: दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ. वेशीखाली मान वर करून उभा राहिलो आणि जुन्या थाटाच्या महालांतून चालणारी ‘राजी’ मला आठवली.

‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा माझा आवडता गेम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं तो घडवला. 2017 साली इंटरनेटवरून लोकवर्गणी जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरात कॉम्प्युटर आणि इतर यंत्रांवर. त्याच वर्षी ‘द गेम अॅवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनात तो होता. गोष्ट साधी आहे. राजी ही डोंबारखेळ करणारी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते.

धनजला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मामींनी आधी गूळ-पाणी दिलं, मग चहा. मामेभावाच्या मुलाची नजर मात्र माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर. “काका, गेम हाय का त्याच्यात?” ओसरीवरच यंत्र मांडलं. तिकडे मंडपातल्या देवीपुढे भोंग्यावर गाणी चालू, इकडे पडद्यावर दुर्गेनं राजीच्या हाती त्रिशूळ दिलेला. पोरगं लढाईत रमलं. राजी खांबाला धरून गरगर फिरते आणि भोवतीच्या असुरांना उडवते, भिंतीवर धावत जाऊन वरून झेप घेते. पोटासाठी शिकलेली कसरतच तिला रणात कामी येते.

मला मात्र लढाईपेक्षा तिचं चालणं आवडतं. राजस्थानी थाटाचे महाल, पायऱ्या, सज्जे यांतून ती जात असते आणि आपण थोड्या उंचावरून तिच्यामागे असतो. भिंतींचे रंग पहाडी चित्रशैलीतले, हातानं रंगवलेले. भिंतचित्रापाशी ती थांबली की देवाची कथा ऐकू येते. वर दुर्गा आणि विष्णू तिचा प्रवास पाहत आपसात बोलत असतात, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या ढंगानं उलगडतात. ते पाहताना मला दरवेळी सिंधुदुर्गातलं पिंगुळी आठवतं. तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांनी रामायण-महाभारत मांडत आले. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पडद्यामागे दिवा आणि पुढे कथा ही रीत आपल्याकडे जुनीच आहे, राजीनं फक्त दिवा बदलला.

भिंतीवरच्या दुर्गेपाशी पोरगं पुढं पळायला लागलं, तेव्हा सुपात तूर पाखडणाऱ्या मामी म्हणाल्या, “थांब न बाप्पा, आयकू दे.” मग सूप बाजूला ठेवून जवळ सरकल्या. “हे पोट्टी एकटीच कायले फिरते व?” मी भावाचं सांगितलं. “मंग देवीनं तिरशूल देल्ला ते बरंच केलं,” त्यांनी निकाल दिला आणि गेममधला आवाज बंद करायला लावून महिषासुराची कथा स्वतःच सांगितली. रेड्याच्या तोंडातून तो अर्धा बाहेर आला तिथं त्यांनी हातानं मान पकडून दाखवली. पोराच्या हातातली कळ तोवर थांबलेली होती. असं थांबायला जागा देतो, ही या गेमची खरी श्रीमंती.

पाच-सहा तासांत हा गेम संपतो आणि शेवटाला घाईघाईनं पडदा पडतो. मुक्कामात आम्ही तो पुरा केला. पोरगं म्हणालं, “बस, एवढाच?” मामी जास्त चिडल्या. त्यांच्या मते कहाणी सांगायला बसलं की सुफळ संपूर्ण करूनच उठावं, नाहीतर बसूच नये. तक्रार मला पूर्ण मान्य आहे. माझी त्यात एक भर. पुण्यात बसून राजस्थानचे किल्ले इतके देखणे उभे करता येतात, तर पुढच्या खेपेला एखादी पोर दिल्ली वेशीतून बाहेर पडून सोयाबीनच्या सुड्यांमधून का चालू नये? असुर काय, इथंही येतील. महिषासुराची कथा सांगणाऱ्या मामी तर आहेतच.